उद्धवरावांची रायफल काही ठरेना

सज्जन माणसासोबत संसार करणं किती अवघड असतं, हे कुणाला सांगून पटत नाही. विनीताबाईंनी तर सांगणंच सोडून दिलं होतं. नवरा दारू पीत नाही, कुणावर ओरडत नाही, भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट सरकवत नाही, मग बाईला रडायला झालं तरी काय, असंच शेजारपाजार म्हणणार. झालं एवढंच होतं की उद्धवरावांचं कधी काही ठरत नसे. उभी हयात पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून गेली. साधी चारीवरची मोरी बांधायची तरी हा माणूस तीनदा जागेवर जाऊन यायचा आणि चौथ्यांदा म्हणायचा, अजून एकदा बघितलेलं बरं. नांदेडच्या घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवर वेगवेगळ्या छटांचे पट्टे ओढून ठेवले, ते तसेच राहिले, आणि भार्गवीच्या लग्नात पाहुणे त्याच पट्ट्यांसमोर उभे राहून फोटो काढून गेले.

भार्गवी ही एकुलती एक लेक. दिलेली लातूरला, पण जावई सर्वेश तिला घेऊन थेट न्यूझीलंडला गेला. तिथंच दोघांची नोकरी, तिथंच घर. दिवाळी झाली आणि तिकडून फोन आला की भार्गवीला दिवस गेलेत. जूनची तारीख. विनीताबाई देवापुढं साखर ठेवून आल्या त्या मनात पक्कं करूनच. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. लेक तिकडून येऊ शकत नाही, तर माहेरानं उठून लेकीकडं जायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पण त्याच फोनवर जावयाला काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, मामा, तुम्ही येताच आहात तर तुम्हाला शिकारीला नेतो. तिथल्या डोंगरांत थार नावाचे रानबकरे आहेत. मूळचे आपल्या हिमालयातले. कुणा साहेबानं शंभर वर्षांपूर्वी नेऊन सोडले, ते इतके माजले की डोंगरावरचा पाला उरू देईनात. म्हणून तिथलं सरकारच म्हणतं, मारा. पाहुण्याला वाटाड्याच्या देखरेखीखाली रायफल चालवता येते. सर्वेशच्या ओळखीत असा एक वाटाड्या होता आणि त्याच्याकडं हवी ती रायफल मिळत होती. कोणती रायफल आणि कोणतं काडतूस, तेवढं फक्त मामांनी कळवायचं.

याला जावयाचा तरी काय दोष म्हणा. लग्नाच्या मांडवात उद्धवरावांनीच त्याला आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. निजामाच्या राज्यात माहूरच्या जंगलात आजोबांनी कसं अस्वल पाडलं, भोकरच्या घरी अजून आजोबांची बंदूक कशी आहे, आमचं खानदानच कसं शिकारी. स्वतः उद्धवरावांनी आयुष्यात शेतातली डुकरं हाकलायला दोन-चार बार आभाळात काढले असतील, पण ते सांगायचं राहून गेलं. तेव्हा जावयानं विचारल्याबरोबर ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, जरूर. बघून सांगतो.

बघून सांगतो. हे दोन शब्द ऐकले आणि विनीताबाईंनी ओळखलं, आता हे काही लवकर ठरत नाही.

आधी बोलण्यात टू सेव्हंटी नावाची रायफल आली. उद्धवराव मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायचे आणि भाकरी करणाऱ्या विनीताबाईंना सांगायचे, हिची गोळी सरळ जाते, खाली पडत नाही, या डोंगरावरून त्या डोंगरावर मारायचं तर हिशेबच करायला नको. विनीताबाई म्हणाल्या, छान, मग कळवून टाका. तर नाही. दोनच दिवसांत त्यांना दिसलं की दरीत वारा असतो आणि हलकी गोळी वाऱ्यानं बाजूला जाते. मग सेव्हन एमएम मॅग्नम आली. गोळी जड, वाऱ्याला दाद देत नाही, नर थार कितीही दांडगा असला तरी जागच्या जागी बसवते. पण तिचा दस्ता असा धक्का देतो म्हणे की खांदा निखळावा, आणि उद्धवरावांचा उजवा खांदा तर मागं वर्षभर धरलेलाच होता. मग बंदुकीचं वजन निघालं. जड रायफल धक्का कमी देते, पण ती डोंगरावर वाहून कुणी न्यायची? हलकी नेता येते, पण ती लाथाळ म्हशीसारखी लाथ मारते. याचा अंदाज यावा म्हणून हा गृहस्थ साडेतीन किलो ज्वारी पिशवीत भरून, पिशवी खांद्याला अडकवून, सकाळ-संध्याकाळ गच्चीचा जिना चढ-उतर करू लागला. ज्वारी दळायची होती. विनीताबाईंनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी ती खांद्यावरूनच काढून गिरणीत नेली.

रायफलींचं गुऱ्हाळ चालू होतं ते होतं, पण तिकिटं अडली होती ना त्याच्यापायी. विनीताबाईंनी विषय काढला की उत्तर ठरलेलं. काढू की तिकिटं, आधी रायफल ठरू दे. रायफल ठरली की वाटाड्या ती नीट जुळवून ठेवील, मग तो शिकारीची तारीख देईल, ती तारीख बाळंतपणाच्या आधी येते की नंतर हे कळलं की मग तिकिटं. सगळं कसं साखळीनं बांधलेलं. विनीताबाईंचा व्हिसा भार्गवीनं तिकडून भरून मिळवलासुद्धा. उद्धवरावांचा अर्ज मात्र अडून बसला, कारण येण्याच्या कारणात शिकार लिहावी की नुसतं लेकीला भेटायला लिहावं, हेच त्यांना ठरवता येईना. विनीताबाई शाळेत पस्तीस-पस्तीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करायच्या. घरात एक माणूस आवरेना म्हणजे काय म्हणावं.

सातव्या महिन्यात विहीणबाईंनी, म्हणजे मंजुश्रीबाईंनी, लातूरला डोहाळजेवण ठेवलं. पोटुशी बाई न्यूझीलंडात आणि जेवण लातुरात. पाटावर हिरवा खण अंथरला, तांब्याला टेकवून मोबाइल ठेवला, मोबाइलात हिरवी साडी नेसलेली भार्गवी. बायकांनी एकेक करून त्या मोबाइलचीच ओटी भरली. विनीताबाईंना हसू येत होतं. ओटी भरताना भार्गवीनं विचारलं, आई, बाबा कुठंयत?

बाबा गच्चीवर होते. सर्वेशचे काका संगमेश्वर फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना गाठून उद्धवरावांचं वाऱ्याचं गणित चाललं होतं. विनीताबाईंनी खरं ते सांगितलं, रायफलीचं बोलून राहिलेत. भार्गवीचा चेहरा जो उतरला तो पडद्यातूनही दिसला.

सुभेदारांनी मात्र निकाल लावला. थ्री नॉट एट घ्या, धक्का बेताचा, काडतूस कुठंही मिळतं, फौजेत तिच्याच बहिणीवर, तसलंच काडतूस खाणाऱ्या रायफलीवर, आमची हयात गेली, विषय संपला. विनीताबाईंनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. परतीच्या वाटेवर अहमदपूर मागं पडलं आणि उद्धवराव चालत्या गाडीत म्हणाले, पण काय आहे, सुभेदारांनी ती माणसांवर चालवलीय, बकऱ्यावर नाही.

नांदेड येईपर्यंत विनीताबाईंनी गाडीतला रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला.

मध्ये एक ग्रहण येऊन गेलं. मंजुश्रीबाईंनी सुनेला फोन करून बजावलं की ग्रहण सुटेपर्यंत सुरी-विळी हातात धरायची नाही. भार्गवीनं गमतीनं बाबांना विचारलं, तर उद्धवरावांना जोर चढला. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, तुझ्या कांद्यावर नाही, खुशाल काप, असं म्हणून त्यांनी फोनवरच तिला चंद्रसूर्य समजावून सांगितले. सगळे हसले. विनीताबाईंनाही वाटलं, माणूस निदान इथं तरी ठाम आहे.

असं करता करता एप्रिल संपत आला. तिकिटांचं नाव नाही. विनीताबाई एका सकाळी म्हणाल्या, मी भोकरला जाऊन शेपा आणि डिंक घेऊन येते. भोकरजवळच्या गावात थोरले दीर शेषेराव शेती सांभाळतात, आणि जाऊबाई कस्तुराबाईंच्या हातचा बाळंतशेपा म्हणजे सगळ्या नात्यात नावाजलेला. उद्धवराव म्हणाले, चल, मीपण येतो, दादाकडची आजोबांची बंदूक एकदा खांद्याला लावून बघतो. बघा. तिथंही बंदूकच.

गावी पोचल्या पोचल्या ते आणि शेषेराव बंदूक घेऊन लिंबाखाली बसले. शेषेरावांचं म्हणणं, बकऱ्याला कशाला एवढं, आपली बारा बोरची बास हाय. उद्धवराव त्यांना दोन डोंगरांमधलं अंतर समजावून सांगू लागले. विनीताबाई तणतणतच चुलीपाशी गेल्या आणि जावेजवळ सगळं ओकल्या. सहा महिने झाले जाऊबाई, डोकं पिकलं माझं. पोरगी तिकडं वाट बघून राहिली अन् ह्यांना बकरं मारायचंय.

कस्तुराबाई शेपा भाजत होत्या. हलवणारा हात त्यांनी थांबवला. त्यांनी विचारलं, कोण, उद्धव भाऊजी मारणार हायत? भार्गवी पोटुशी असताना?

विनीताबाई म्हणाल्या, हो ना.

"न्हाई मारायचे," कस्तुराबाई म्हणाल्या. "भाऊजी न्हाईच मारायचे. तुला ठाव न्हाई का? तू गरवार व्हतीस तवा सरपणात नाग निघाला व्हता. गडीमाणसं काठ्या घेऊन आले, तर भाऊजी मधी उभे ऱ्हायले. म्हणले, घरात गरवार बाई हाय, कुणी हात उचलायचा न्हाई. सोता वेळूच्या टोकावर धरून नेला अन् वढ्यापल्याड सोडला."

विनीताबाईंना तो दिवस आठवत होता. त्यांना तेव्हा सांगण्यात आलं होतं की नाग आपला आपण निघून गेला. कस्तुराबाईंनी मग घरची रीत सांगितली. घरात बाई पोटुशी असली की ती बाळंत होऊन मोकळी होईपर्यंत घरच्या पुरुषानं कुठल्या जनावराच्या जिवाला हात लावायचा नाही. सासूबाई हयात होत्या तोवर कडक पाळायच्या. त्या वर्षी डुकरांनी भुईमूग उकरून नेला, पण शेषेरावांनी आभाळातसुद्धा बार काढला नाही, नुसते फटाके वाजवले. अन् मनापासून कोण पाळायचं, तर दोघा भावांत धाकटा.

विनीताबाई चुलीपुढं बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. टू सेव्हंटी, मॅग्नम, वारा, धक्का, खांदा, सगळं त्यांच्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं आणि त्यांना ते लख्ख दिसलं. मग त्यांना जो राग आला, तसा उभ्या संसारात आला नव्हता.

परतताना गाव मागं पडेस्तोवर त्यांनी कसाबसा दम धरला. मग म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

उद्धवरावांनी घेतली.

"तुम्ही रायफल निवडतच नव्हता."

उद्धवरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "एकदा ठरली असती तर जावं लागलं असतं."

मग तुटक तुटक करत सगळं बाहेर आलं. जावयानं एवढ्या हौसेनं बोलावलं, त्याला पहिल्याच झटक्यात नाही कसं म्हणायचं. जावई तो जावई. त्यातून खानदानाच्या बढाया आपणच मारलेल्या. आणि कारण तरी काय सांगायचं? लेकीच्या पोटात जीव आहे म्हणून माझा हात उचलत नाही, असं? ज्या लेकीला ग्रहणात खुशाल कांदा काप म्हणून सांगितलं, तिला? लोक हसले असते. त्यांना वाटलं, ठरवण्यात दिवस काढले तर शिकारीचा मोसम आपोआप निघून जाईल, जावई विसरेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

"मोसम निघून जाईल," विनीताबाई म्हणाल्या. "अन् बाळंतपण? ते थांबणार होतं का तुमच्यासाठी?"

उद्धवरावांनी स्टेअरिंगवर हात ठेवून मान खाली घातली. विनीताबाईंना त्यांची कणव आली, पण आलेली कणव त्यांनी बाजूला सारली, कारण कणव करत बसल्या असत्या तर जून आला असता. त्यांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला, भार्गवीला फोन लावला आणि म्हणाल्या, माझं तिकीट काढ, एकटीचं. घरी जाऊन उद्धवरावांचा अर्जही त्यांनी समोर बसवून भरून घेतला. कारण, लेकीला भेटायला. पण आता त्याला महिना-दीड महिना लागणार होता, म्हणजे उद्धवराव बाळंतपणाला काही पोचत नव्हते. हेही त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं.

निघताना विनीताबाईंनी एकच बजावलं होतं. भार्गवीला तुम्ही स्वतः सांगा. मी मधे पडणार नाही. उद्धवराव म्हणाले, सांगतो. हैदराबादच्या विमानतळावर त्यांनी सामान उतरवून दिलं, शेपा-डिंक तिकडं उतरल्यावर अधिकाऱ्याला न लपवता दाखव असं तीनदा सांगितलं, आणि काचेचं दार बंद होईपर्यंत हात हलवत राहिले. आयुष्यात कधी एकटी मुंबईलासुद्धा न गेलेली बाई दोन विमानं बदलून समुद्रापार पोचली. कशी पोचली ते तिचं तिला माहीत.

सर्वेश घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर तो जरा घुटमळला, मग म्हणाला, मामा आता वेळेत येणार नाहीत म्हणजे शिकारीचं रद्दच ना? विनीताबाई म्हणाल्या, रद्द. तर त्यानं एवढा मोठा सुस्कारा टाकला की त्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

"मामी, खरं सांगू का? मला त्यातलं काही कळत नाही," सर्वेश म्हणाला. "लातुरात बकरं कापताना मी आत जाऊन बसायचो. मामांची हौस म्हणून बोलून गेलो. मग ते एवढा अभ्यास करत होते, नको कसं म्हणू? बाळासाठी मिळालेली सुट्टी मी त्यात घालणार होतो."

विनीताबाईंनी यावेळी कपाळावर हात मारला तो अक्षरशः मारला. सासरा जावयाचं मन मोडवेना म्हणून सहा महिने काडतुसं मोजतो, आणि जावई सासऱ्याचं मन मोडवेना म्हणून वाटाड्याला थांबवून ठेवतो. दोघं शिकलेले, दोघं कमावते, दोघांना तोंड आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या दोघांच्या मानापमानात माझी पोरगी राहिली ना रे बाजूला.

घरी भार्गवी दारातच गळ्यात पडली. पोट पुढं, पाय सुजलेले, चेहरा थकलेला. आईनं तिला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. भार्गवी बाबांचं नाव काढत नव्हती. रोज फोन यायचा. उद्धवराव तिकडचं हवामान विचारायचे, शेपा पोचला का विचारायचे, व्हिसाचं अजून आलं नाही सांगायचे. भार्गवी हो-नाही करायची. सांगायचं ते उद्धवराव सांगत नव्हते. विनीताबाई बाजूच्या खोलीत दात-ओठ खात बसायच्या.

मग एका दुपारी कळा सुरू झाल्या. सर्वेशनं दवाखान्यात आणलं. मोठी स्वच्छ खोली, खिडकीबाहेर बर्फ धरलेले डोंगर. आई एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. एक कळ येऊन ओसरली तशी भार्गवीनं आईचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आई, बाबा रायफलीपायीच राहिले ना? मी म्हणजे त्यांना नंतर."

इतके महिने ती हेच पोटाशी धरून बसली होती. खरं कारण विनीताबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, मोबाइल काढला आणि नांदेडला लावला. तिकडं सकाळ होती. उद्धवरावांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

"तिला कळा चालू आहेत," विनीताबाई म्हणाल्या. "अन् तिला वाटतंय, तुम्ही तिच्यापेक्षा बंदूक मोठी धरली. बोला तिच्याशी. अजून एकदा बघितलेलं बरं असं काही इथं चालणार नाही."

त्यांनी फोनचा स्पीकर चालू करून तो लेकीच्या कानाशी धरला. मग उद्धवराव बोलले. गडबडीत बोलले, नीट जुळवून घेतलं नाही, दोन डोंगर आणि वारा यातलं काही त्यात नव्हतं.

"बाळा, मी मारणारच नव्हतो. तुझ्या पोटात जीव असताना माझ्या हातून कुणाचा जीव जाऊ नये, एवढंच होतं. तुझ्या आईच्या वेळीही मी तसंच केलं होतं. पण तू हसशील म्हणून सांगता आलं नाही. मला ग्रहण कळतं गं, पण तू पोटुशी आहेस म्हटल्यावर मला काहीच कळत नाही."

पलंगाच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या सर्वेशनं तोंड खिडकीकडं फिरवलं. भार्गवीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळायला लागलं. ती म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं ना, बाबा."

हेच. विनीताबाईंना वाटलं आत्ताच्या आत्ता तो फोन ओढून घ्यावा आणि नवऱ्याला खडसवावं की या एवढ्याशा वाक्यासाठी अख्खा हिवाळा, अख्खा उन्हाळा, तुमच्या विमानाची जागा आणि माझ्या लेकीची झोप गेली. त्यांनी हात पुढंही केला. पण पुढची कळ यायला लागली होती आणि भार्गवी फोन सोडेना. तिनं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्या हातानं मोबाइल कानाशी दाबून धरला, आणि दात-ओठ आवळून तिकडं सांगितलं, "बाबा, ठेवू नका."

नांदेडहून उद्धवराव लगेच म्हणाले, नाही ठेवत.